सामायिक ताटल्या आणि आजींचा नियम

जैन घरात ताट ज्याचे त्याचे असते. त्यात काय वाढून घ्यायचे, किती घ्यायचे आणि कशाला हात जोडायचे, हे ज्याचा तो ठरवतो. एकाच स्वयंपाकघरात एकीचे आयंबिल चालू असते, दुसऱ्याचे एकासणे असते आणि तिसऱ्याला कसलाच नियम नसतो. तरी कुणाचे कुणावाचून अडत नाही. पुण्या-मुंबईत अलीकडे आशियाई धाटणीची जी उपाहारगृहे निघाली आहेत, तिथली रीत मात्र वेगळी आहे. जपान, कोरिया, चीन, थायलंड, व्हिएतनाम असे पाच देश एका मेनूकार्डावर नांदतात. पदार्थ लहान लहान ताटल्यांतून टेबलाच्या मधोमध येतात आणि सर्वांनी त्यांतून थोडे थोडे उचलायचे असते. (ताटल्या जितक्या लहान, तितकी किंमत मोठी, हाही तिथला एक संकेत आहे.)

या रीतीत नियम खासगी राहत नाही. मध्ये ठेवलेल्या सहा ताटल्यांपैकी चारांना ज्याला स्पर्श करता येत नाही, तो टेबलावर बसलेला असतो, जेवणात नसतो. म्हणून असा बेत ठरू लागला की घरातील वडीलधारी व्यक्ती आपणहून म्हणते, ‘तुम्ही जा, मी घरी जेवून घेते.’ हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले जाते आणि इतक्या सहजपणे मान्यही केले जाते, की त्यात कुणी कुणाला वगळले हे कुणाच्याच लक्षात येत नाही.

पुण्यातील एका कुटुंबात हेच वाक्य यंदा चैत्री ओळी आटोपल्यानंतर उच्चारले गेले. नात सनदी लेखापालाची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाली होती. आजींची ओळी चालू असताना घरात समारंभ नको, म्हणून आनंदाचे जेवण पुढे ढकलले होते. पारणे झाल्यावर नातीने एका शुद्ध शाकाहारी आशियाई उपाहारगृहाचे नाव सुचवले. ज्या स्वयंपाकघरात मांसाहार शिजतो तिथे पाऊल टाकायचे नाही, हा या घराचा नियम. तेवढी चाचणी त्या जागेने पार केली होती. आजी तीस वर्षे चौविहार करतात. कंदमूळ, मध, अळंबी, लोणचे त्यांना वर्ज्य. आजोबांचा तिविहार, रात्री फक्त पाणी. काका-काकू कंदमूळ खात नाहीत, रात्री जेवतात. नातीच्या वडिलांना बाहेर गेल्यावर बटाटा ‘चालतो’. धाकट्या नातवाला शाकाहारी असेल ते सर्व चालते. चालत नाही ते एकच, वेटरसमोर ‘जैन’ हा शब्द उच्चारणे.

‘तिथे सगळं सामायिक असतं, आजी,’ नात समजावू लागली.

‘मग उत्तमच,’ आजी म्हणाल्या. ‘अठ्ठेचाळीस मिनिटं कुणी बोलायचं नाही.’

हसणे झाले आणि मागोमाग ते ठरलेले वाक्यही आले. नातीच्या आईने होकारार्थी मान हलवली. त्यांनी स्वतः वीस वर्षे सासूबाईंचे हे वाक्य ऐकून घेतले होते आणि अशा संध्याकाळी दुपारीच भाकरी करून ठेवली होती. नातीने मात्र हट्ट धरला. जेवण तिच्यासाठी होते, आणि आजी घरी बसणार असतील तर ते नको, असे तिचे म्हणणे. वडील किंचित वैतागले. ‘एका माणसासाठी सगळ्यांनी काय बेचव खायचं?’ प्रश्न उद्धट होता, पण खोटा नव्हता. अशा बहुतेक घरांत तो मनात असतोच, तोंडावर आणला जात नाही एवढेच.

पहिली अडचण घड्याळाची. त्या आठवड्यात पुण्यातील सूर्यास्त सातच्या आठ-दहा मिनिटे आधी होता. मे-जूनमध्ये तो सातच्या पुढे जातो आणि नोव्हेंबरअखेर सहाच्या आसपास येतो. म्हणजे हिवाळ्यात चौविहार करणाऱ्याला उपाहारगृहातील रात्रीचे जेवण जवळजवळ अशक्यच. बरीच उपाहारगृहे दुपारी साडेतीनला बंद होतात आणि सातला पुन्हा उघडतात. ही जागा रविवारी दिवसभर उघडी असते, हे चौकशीअंती कळले. पाच वाजताचे टेबल मिळाले. त्या वेळी गर्दी नसते आणि आचाऱ्याला बोलायला सवड असते, हा लाभ न मागता मिळाला.

दुसरी अडचण अधिक खोल होती. शुक्रवारी दुपारी नातीने दूरध्वनी केला तेव्हा पलीकडून तत्पर उत्तर आले, ‘हो मॅडम, जैन मिळेल.’ उपाहारगृहांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो: कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. मुंबईत १९७५ च्या सुमारास नेल्सन वँग यांनी मंचुरियन घडवले असे सांगतात. मंचुरिया प्रांताशी त्याचा संबंध नाही. तेव्हापासून भारतीय चायनीजच्या पाठोपाठ ‘जैन चायनीज’ही आले आणि या तीन नकारांवर स्थिरावले. पण आता स्वयंपाकघरात जे येते ते त्या काळच्या कोबी-मैद्यापेक्षा फार निराळे आहे. म्हणून ‘जैन आहे का?’ असे न विचारता घटकाचे नाव घेऊन विचारावे लागते. नातीने कागदावर नावे लिहून घेतली होती. लेखापरीक्षणाची सवय कामी आली.

ऑयस्टर सॉस हा मुळात कालवांपासून होतो. शाकाहारी स्वयंपाकघरात त्याचा जो पर्याय वापरतात तो बहुधा अळंबीचा असतो. म्हणजे बाटलीवर हिरवा ठिपका आहे, मांसाहार नाही, आणि तरीही आजींना तो चालणार नाही. हिरव्या ठिपक्याने इथे फसगत होते. तो ठिपका मांस, मासे आणि अंडी नसल्याची ग्वाही देतो. कंदमुळाबद्दल तो काही बोलत नाही. मधाच्या बाटलीवरही तो असतो, कारण आपल्या अन्नकायद्याच्या व्याख्येत मध मांसाहारात मोडत नाही. जैन गणनेत मात्र मध, मदिरा, मांस आणि लोणी या चार महाविगई. ‘हनी चिली लोटस स्टेम’ हा तरुणांचा लाडका पदार्थ घेतला, तर नावातच दोन अडथळे आहेत: मध तर आहेच, आणि कमलकाकडी म्हणजे कमळाचे चिखलात वाढणारे खोड.

वॉटर चेस्टनटविषयी बऱ्याच घरांत गैरसमज आहे. त्याचे भाषांतर शिंगाडा असे केले जाते आणि ‘शिंगाडा तर पाण्यावरच्या वेलीचे फळ, मग काय हरकत?’ असे म्हटले जाते. परंतु चिनी पदार्थांत डब्यातून येणाऱ्या ज्या कुरकुरीत पांढऱ्या चकत्या असतात, त्या वेगळ्याच वनस्पतीच्या. ती चिखलात गाठीच्या रूपाने वाढते. तो कंदच होय. पारदर्शक आवरणाच्या डिमसमचेही तसेच. ते आवरण गव्हाच्या सत्त्वात टॅपिओकाचे सत्त्व मिसळून करतात आणि टॅपिओका हे मूळ आहे. नातवाच्या बोबा चहातील काळे मोती त्याचेच. ज्या घरात साबुदाणा वर्ज्य आहे, तिथे हे मोती चालतात कसे, हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

मिरिन हे तांदळाचे गोडसर जपानी मद्य. त्यात साधारण १४ टक्के अल्कोहोल असते. शाकाहारी स्वयंपाकघरातही ते निःशंक वापरले जाऊ शकते, कारण ते ‘सॉस’च्या रांगेत उभे असते. किमचीत लसूण हा प्राणच, आणि मूळ कोरियन पद्धतीत खारवलेली मासळीही. मिसो आणि सोया सॉस हे सोयाबीन मीठ घालून महिनोन्‌महिने आंबवून होतात. ज्यांनी लोणच्याचा त्याग केला आहे त्यांना हे कसे चालावे? काही जण घेतात, काही घेत नाहीत. गुरुमहाराजांना विचारून ठरवावे असा हा विषय आहे. आजी घेत नाहीत. टोफूचे मात्र निवारण झाले. सोयाबीनचे दूध क्षारांनी साकळवून तो करतात. परदेशी चीजमध्ये प्राणिज रेनेटची जी शंका असते, ती इथे नाही.

थाई करीच्या वाटणात मुळातच लसूण, छोटे कांदे, कोथिंबिरीची मुळे, गलांगल हा आल्याचा भाऊबंद आणि कोळंबीची आंबवलेली चटणी असते. शाकाहारी जागी चटणी जाते, बाकीचे राहते. तयार वाटणाच्या डब्यातून कांदा-लसूण काढून घेणे कुणाच्याच हाती नाही. ‘जैन करून देऊ’ हे आश्वासन अशा वेळी पोकळ असते. सुदैवाने या जागी वाटण रोज ताजे करीत. नातीने विचारले, ‘गवती चहा, हिरवी मिरची, कोथिंबिरीची पाने आणि लिंबाची पाने एवढ्यावर होईल का?’ आचारी क्षणभर थांबला. मग म्हणाला, ‘होईल. थोडी सुंठ चालेल का?’ ओले आले नको आणि सुंठ चालेल, हे त्याला ठाऊक होते. त्या प्रश्नाने नातीला जो दिलासा मिळाला, तो ‘जैन मिळेल’ या उत्तराने मिळाला नव्हता.

हे संभाषण ऐकत बसलेल्या नातवाला संकोच वाटत होता. इतके नकार ऐकून समोरचा मनुष्य हसत असेल, असे त्याला वाटे. त्याचे हे वाटणे अनेक तरुणांचे आहे आणि ते अज्ञानातून येते. ज्या देशांच्या अन्नाचे त्यांना आकर्षण आहे, त्याच देशांत त्यागावर उभे असलेले जुने, प्रतिष्ठित पाकशास्त्र आहे. जपानी बौद्ध मठांतील शोजिन रियोरीत मांस-मासे नसतात, तसेच कांदा-लसणासारख्या पाच उग्र भाज्याही नसतात. झेन आचार्य दोगेन यांनी १२३७ मध्ये मठातील आचाऱ्याच्या कर्तव्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला; तांदूळ निवडताना एक दाणाही वाया जाऊ नये, इथपर्यंत त्यांची नजर पोहोचते. थायलंडमध्ये चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात शाकाहाराचा उत्सव असतो, फुकेतमध्ये विशेष थाटाचा; त्या दिवसांत पिवळी निशाणे लावलेल्या दुकानांतून मांस-मासे, अंडी आणि लसूण-कांद्यावाचूनचे अन्न मिळते. तैवानमध्ये तर शाकाहारी पदार्थाच्या वेष्टनावर तो उग्र भाज्यांसह आहे की त्यांच्यावाचून, हे वेगळे नोंदवले जाते. साम्य इथेच संपते, हेही सांगितले पाहिजे. त्या परंपरेत कांदा-लसूण टाळतात तो मन क्षुब्ध होते म्हणून. मुळा, कमलकाकडी तिथे आनंदाने खातात. अनंतकायाचा विचार हा आपला. पण कांदा-लसणाला नकार देणारा ग्राहक पूर्व आशियातील आचाऱ्याला नवा नाही, एवढे त्या नातवाला कुणी सांगितले असते तर त्याची मान खाली गेली नसती.

रविवारी पाचला सगळे टेबलाशी बसले. मागवायचे काय, याचा क्रम नातीने उलटा केला होता. सामान्यतः सर्वांच्या आवडीचे मागवून झाल्यावर ‘आणि आईंसाठी एक जैन काहीतरी’ असे सांगण्याची प्रथा आहे. त्या एका ताटलीला येण्यास उशीर होतो आणि ती आली की सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळतात. इथे आधी आजींना चालेल तेच सर्वांसाठी मागवले गेले. मैद्याच्या आवरणाचे, मका आणि कोबी भरलेले उकडलेले डिमसम. कच्च्या पपईचे थाई सॅलड, चिंच, लिंबू आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचे. (शेंगदाणा जमिनीखाली वाढतो, पण तो कंद नव्हे, नातवाने ही शंका तिथेच काढली आणि आजोबांनी तिचे निरसन केले.) लाल भोपळा, फरसबी आणि कच्च्या केळ्याची हिरवी करी, नारळाच्या दुधातली. काळी मिरी आणि ढोबळी मिरची घातलेला टोफू. सुवासिक थाई तांदळाचा भात.

नातीची स्वतःची आवड सुशी. नेमकी तीच यादीत बसत नव्हती, कारण सुशीभोवती गुंडाळतात ती नोरी समुद्री शेवाळाची असते आणि शेवाळ अनंतकायात गणले जाते. ती काही बोलली नाही. आजींनी मेनूकार्डावरचे चित्र पाहिले आणि विचारले, ‘हे तुला आवडतं ना? मग मागव.’

‘तुला चालत नाही, आजी.’

‘नियम मी घेतलाय, तू नाही. तू घेशील तेव्हा तुझा होईल.’

काकडी-ॲव्होकॅडोच्या सुशीची एक ताटली आली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली गेली. पच्चक्खाण स्वेच्छेने घ्यायचे असते, हे व्याख्यानात शेकडो वेळा ऐकलेले सूत्र. पण त्या टेबलावर ते आजींनी ज्या रीतीने वापरले, त्यामुळे वडिलांचा सकाळपासूनचा आविर्भाव उतरला. ‘बेचव’ हा शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही. करीची दुसरी वाटी त्यांनीच मागवली.

सामायिक ताटलीत आणखी एक पेच असतो, उष्ट्याचा. तोंडात घातलेल्या चॉपस्टिकने मधल्या पदार्थाला स्पर्श झाला की तो सगळाच उष्टा. लाळ मिसळलेल्या अन्नात दोन घटिकांच्या आत संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते, असे शास्त्र सांगते. अशा जेवणाच्या बैठका तर सहज तासा-दीड तासाच्या. हा पेच केवळ आपल्यालाच पडला असेही नाही. मंचुरियातील १९१०-११ च्या प्लेगशी झुंजलेले, पेनांगमध्ये जन्मलेले डॉक्टर वू लिएन-ते यांनी चिनी कुटुंबांसाठी फिरत्या तबकाची शिफारस केली. पदार्थ मध्ये फिरावेत आणि प्रत्येकात वाढायचा वेगळा चमचा असावा. त्यांचे कारण रोगजंतूंचे होते. आज अनेक चिनी घरांत व उपाहारगृहांत वाढण्यासाठी वेगळ्या चॉपस्टिक ठेवतात. नातीच्या आईने वेटरला सांगितले, ‘दादा, प्रत्येक ताटलीत एक मोठा चमचा द्या.’ एवढ्याने काम झाले. आजींनी चॉपस्टिक हातात घेऊन पाहिल्या, एक डिमसम निसटू दिला आणि चमच्याकडे वळल्या.

आजी रोज द्रव्ये मोजून घेतात. बाह्य तपांतील ऊणोदरी सर्वांना ठाऊक असते, पण वृत्तिसंक्षेप मागे पडतो. किती प्रकार जिभेवर येऊ द्यायचे, याची ती मर्यादा. लहान लहान ताटल्यांची ही रीत या तपाच्या थेट विरुद्ध दिशेला जाते. तिथे प्रत्येक पदार्थाचा एक घास घेता घेता पंधरा पदार्थ होतात आणि पोट भरले की नाही हे कळतच नाही. आजींची त्या दिवशीची मर्यादा सात द्रव्यांची होती. त्यांनी सॅलड सोडले, आणि एक जागा शेवटच्या गोडासाठी राखून ठेवली. आंब्याचे दिवस सुरू झाले होते, आर्द्रा नक्षत्राला बराच अवकाश होता. नारळाच्या दुधात भिजवलेला चिकट भात आणि हापूसच्या फोडी, हा थाई पदार्थ त्यांना आपल्या घरच्या आंबेभातासारखा वाटला.

मागवणे दोन फेऱ्यांत झाले, तेही हिशेबाने. उरलेले बांधून घेण्याची सोय आता सर्वत्र असते, पण ओला पदार्थ रात्र ओलांडून गेला की वासी. दुसऱ्या दिवशी तो या घरात कुणी खात नाही. तेव्हा जास्त मागवून डबा नेणे इथे उपयोगाचे नव्हते. पहिल्या फेरीत चार ताटल्या आणि सुशी, त्या संपल्यावरच पुढच्या.

सहा वाजून वीस मिनिटांनी आजींनी गरम पाणी मागितले. वाटीत ओतले, बोटाने कडा पुसून घेतल्या आणि ते पाणी पिऊन टाकले. शेजारच्या टेबलावरच्या तरुणीने पाहिले. नातवानेही पाहिले की ती पाहते आहे. त्याने काही केले नाही. तोंड मात्र फिरवले नाही, जे त्याने लग्नसमारंभांत कैकदा फिरवले होते. मग आजींनी हात जोडून पच्चक्खाण घेतले, आजोबांनी घड्याळ पाहून आपला शेवटचा घास घेतला, आणि बाकीचे जेवत राहिले, कारण काकांचे अजून संपले नव्हते.

बिल आल्यावर आचारी बाहेर आला. हिरव्या करीला सुंठ पुरेशी लागली का, असे त्याने विचारले. आजी म्हणाल्या, ‘किंचित कमी चालेल, उन्हाळा आहे.’ त्याने ते नोंदवून घेतले. टेबलावर अर्धी वाटी भात आणि चमचाभर करी उरली होती. काका आणि नातवाने ती वाटून घेतली, आणि वेटरने आणलेला रिकामा डबा तसाच परत गेला.